दिवस बुडल्यावरची चूल

आमच्या घरात कुणाला शिंक यायची नाही. तंबाखूच्या घरातल्या पोराचं नाक पाळण्यातच मरतं, असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. निपाणीकडच्या आमच्या गावात थंडी सरत आली की घरोघरी तंबाखूची बोदं, म्हणजे ठासून भरलेली मोठाली पोती, पुढच्या सोप्यापासून माळ्यापर्यंत रचलेली असायची. उश्या, चादरी, देवाचं वस्त्र, सगळ्याला तोच वास. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की सटासट शिंकायला लागायचा. मग आम्ही पोरं तोंडावर हात धरून खिदळायचो आणि आत्ती, म्हणजे आत्या, आम्हाला नुसत्या डोळ्यांनी दटावायची. पाहुण्याला ती आधी गूळपाणी द्यायची, मग ओला पंचा द्यायची, नाकाला लावायला. आता इथं शहरात, खासबागेत माझ्या घरात उदबत्ती लावली तरी मला शिंका येतात. नाक पुन्हा जिवंत झालंय म्हणायचं.

आम्ही जैन. दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा नियम घरात कुणी कुणाला शिकवला नाही. तो होताच. उन्हं मागच्या परड्यातल्या शेवग्याच्या बुंध्यावरून सरकून भिंतीवर चढली की आत्ती हाक मारायची, "हातपाय धुवा रं," आणि आम्ही खेळ टाकून पळायचो. जोंधळ्याची गरम भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट वरण, कधी पावटा, सणाला खपली गव्हाची खीर. कांदा-लसूण नाही, आणि त्याच्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. जेवणं झाली की आत्ती चुलीतली लाकडं ओढून विझवायची, राख बाजूला सारायची आणि चुलीला शेणाचा हात फिरवून मोकळी व्हायची. तिन्हीसांजेला साऱ्या गावाच्या कौलांतून धूर निघत असायचा, आमच्या आळीवर तेवढं आभाळ निरभ्र. माझा नातू रात्री दहाला मोबाईलवरून काहीबाही मागवतो, दारात मोटरसायकल येते, आणि मला म्हणतो, "आज्जी, एक घास खा की." मी पाच-साडेपाचला जेवून बसलेली असते. त्याला वाटतं मी हट्टी आहे. असेनही. पण माझ्या नियमामागं नुसता धर्म नाही, आत्तीपण आहे, आणि ते त्याला एका घासात कसं सांगू?

आत्ती म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण, चंपा. गाव तिला चंपाक्का म्हणायचं. रागावली की कानडीत बोलायची, माया आली की मराठीत. त्यामुळं आम्हाला लांबूनच कळायचं, जवळ जायचं की पळायचं. अंगानं काटकुळी, पण भाकरी थापायला बसली की दोन घरं पलीकडं ऐकू जायचं, इतका तिचा हात दमदार. तिनं लग्न केलं नव्हतं. आमच्याकडं त्या काळात हे म्हणजे सूर्य उगवला नाही म्हणण्यासारखं होतं. स्थळं आली होती, चांगली आली होती, तिनं प्रत्येकाला नाही म्हटलं होतं आणि का ते सांगितलं नव्हतं. बायका पाठीमागं बोलायच्या. आई एकदा मला म्हणाली, "तुझ्या आत्तीच्या मनात काय तरी बसलंय गं, ते निघत न्हाई." मला वाटलं, घशात काटा बसतो तसं काहीतरी असेल.

आमच्या समोर, गल्ली ओलांडली की यल्लाप्पा सनदीचं घर. सनदी म्हणजे गावचा सरकारी राखणदार. चावडीवर राबायचं, साहेब आला की त्याच्यापुढं कंदील घेऊन चालायचं. त्या घराशी गाव बोलत नव्हतं. बोलत नव्हतं म्हणजे भांडत होतं असं नाही. भांडण झालं असतं तर बरं, भांडणात निदान समोर तरी बघतात. गिरणीत यल्लाप्पाची बायको गंगव्वा आली की बायका आपापली डबडी पुढं सरकवायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांचं दार सोडून पुढं जायचं. 'फितुराचं घर' म्हणायचे सगळे. मीही म्हणायची, फितूर म्हणजे काय ते कळायच्या आधीपासून.

गावाची गोष्ट अशी होती. बेचाळीसच्या चळवळीत आमच्या भागातल्या पोरांनी चावड्या जाळल्या, तारा तोडल्या, इंग्रज सरकारच्या नाकी दम आणला. त्यातला एक मारुती, खानापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, पोलिसांना चुकवत फिरत फिरत आमच्या गावात आला. माझ्या आज्जांनी, आप्पांच्या वडिलांनी, त्याला आमच्या माळ्यावर बोदांच्या आड ठेवला. पोलीस एकदा झडती घ्यायला आले तेव्हा शिंकून शिंकूनच परत गेले, ही आमच्या घराची लाडकी गोष्ट. आज्जा ती सांगताना शिंकून दाखवायचे म्हणे. पण काही दिवसांनी पोलीस पुन्हा आले, आणि या वेळी सरळ आमच्याच घरी आले, सरळ माळ्यावर चढले. मारुतीला धरला. आज्जांना चावडीपुढं बांधून मारलं, मग दोघांनाही तुरुंगात नेलं. आज्जा सुटून आले ते खोकत आले आणि फार वर्षं जगले नाहीत. सांगितलं कुणी? त्या संध्याकाळी हवालदारापुढं कंदील घेऊन यल्लाप्पा चालत होता, साऱ्या गावानं पाहिलं होतं. आणखी पुरावा कशाला हवा?

यल्लाप्पाची मुलगी शांता माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. आमच्या घरी तिचं नाव निघायचं नाही, पण ओढ्यावर कोण बघायला येतंय? ओढ्यावर ती माझी वेणी घालून द्यायची. तिच्यासारखी घट्ट वेणी मला पुन्हा कुणी घातली नाही, माझ्या आईनंसुद्धा. शांता दिसायला नक्षत्र होती आणि तिला ते माहीत होतं, उगाच कशाला लपवू. त्या वर्षी तिला वेदगंगेच्या पलीकडच्या गावाहून स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. शांतानं मला ओढ्यावर सांगितलं, "विजे, त्यानं माझ्याकडं बघितलं आनि खाली बघितलं. लाजला गं गडी." मी तीन दिवस तेच आठवून हसत होते.

ठरवायला म्हणून पाहुणे आले तेव्हा आमच्या सोप्यातून सगळं दिसत होतं. बैलगाडी सुटली, माणसं उतरली, गंगव्वानं नवं लुगडं नेसलं होतं. पाहुण्यांतला एक म्हातारा पान खायला म्हणून पारावर गेला. तिथं गावातलं कुणीतरी त्याच्याशी बोललं. म्हातारा परत आला, आपल्या माणसांच्या कानाला लागला, आणि पाहुणे पाणी पिऊन उठले. जेवण तयार होतं, वास आमच्यापर्यंत येत होता. गाडी जुंपली, निघून गेली. गंगव्वा दारात उभी होती ती उभीच राहिली. मी मागं वळून बघितलं तर आत्ती माझ्या पाठीशी उभी. तिच्या हातात सूप होतं आणि सुपातले जोंधळे सगळे जमिनीवर सांडले होते. तिला ते कळलंही नव्हतं.

त्या दिवसापासून आत्ती जेवेना. उपवास आहे म्हणाली. आमच्यात उपवासांना काही तोटा नाही, त्यामुळं पहिले दोन दिवस कुणी विचारलं नाही. मी मात्र तिच्याशेजारी झोपायची, मला तिच्या पोटातलं ऐकू यायचं. दुपारी आम्ही दोघी परड्यात वाळल्या तंबाखूचे देठ काढत बसलो होतो. मी म्हटलं, "आत्ती, तू मरणार हाईस काय?" ती हसली आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तंबाखूचे हात डोळ्याला लावता येत नाहीत, म्हणून ती तशीच बसली, पाणी हनुवटीवरून गळत.

"विजे," ती म्हणाली, "मारुती अण्णाला यल्लाप्पानं न्हाई धरून दिलं. मी दिलं."

मग तिनं सांगितलं. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. आज्जी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात गेलेली, आज्जा आणि आप्पा रानात. माळ्यावर मारुतीला ताप भरला होता. त्याच्यासाठी दिवसाउजेडी भाकरी करून ठेवायची आणि अंधार पडला की वर द्यायची, असं आज्जांनी ठरवून दिलेलं. कितीतरी दिवस तो तसली गार, चिवट भाकरी पाण्यात बुडवून खात होता. त्या दिवशी ती वर गेली तर भाकरी तशीच पडलेली. तो म्हणाला, "चंपाक्का, गिळवंना गं." दिवस बुडून गेला होता. "मला बघवंना," आत्ती म्हणाली. "म्हटलं, एक भाकरी. एक भाकरीनं काय हुतंय? पेटवली चूल. दोन्ही दारं लावून घेतली. पन कौलांना कुठली दारं गं?"

हवालदार चिकोडीकडचाच होता. त्याला आमची रीत ठाऊक होती. जैनाच्या घरावर तिन्हीसांजेनंतर धूर म्हणजे आत कुणीतरी आमच्यातलं नसलेलं जेवणार आहे. तो दार ढकलून आत आला तेव्हा आत्तीच्या हातात अर्धी थापलेली भाकरी होती. त्यानं शांतपणे विचारलं, "कुनासाठी थापतीस गं?" बस, एवढंच. ती काही बोलली नाही, पण तिनं वर बघितलं. माळ्याकडं. आज्जांना नेत होते तेव्हा तिनं रडत रडत त्यांना सांगायचा प्रयत्न केला. आज्जा कानडीत म्हणाले, "सुम्नीर." गप्प रहा. तुरुंगातून आल्यावरही तेच म्हणाले. लग्नाच्या पोरीनं परक्या गड्यासाठी एकटीनं चूल पेटवली, हे गावात गेलं असतं तर तिचं काय राहिलं असतं? तोवर गावानं यल्लाप्पाचं नाव नक्की करून टाकलंच होतं. आज्जांनी ते तसंच राहू दिलं. मी आज्जांना पाहिलेलं नाही. त्यांच्या फोटोला मी हार घालते, आणि दरवेळी मनात येतं, आज्जा, इंग्रजाचा मार खाल्लात, एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

त्याच आठवड्यात, सव्वीस जानेवारीला, शाळेत झेंडावंदनाला मारुती अण्णांना बोलावलं होतं. लोंढ्याला स्टेशनाजवळ त्यांचं चहाचं दुकान होतं. आगगाडीनं बेळगाव, तिथून एसटी, असं करत ते आले. मी कुणीतरी उंचापुरा वीर येणार म्हणून वाट बघत होते. आला तो टक्कल पडलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, न मिटणारी. पोलिसांच्या मारात मोडली आणि तशीच बसली. उंबऱ्यात आला आणि शिंकला. आम्ही हसलो, तोही हसला. "त्यावेळी कशी काय दाबली रं देवा," म्हणाला.

दुपारी चारच्या सुमाराला आमच्या अंगणात पंगत. गावातली मोठी माणसं, मास्तर, आप्पा. आई आणि आत्ती वाढत होत्या. जेवता जेवता कुणीतरी बोललं, "अण्णा, तुमाला धरून दिलेला अजून जिता हाय बघा. ह्ये समोरचं घर." मारुती अण्णांनी समोर बघितलं. यल्लाप्पाचं दार बंद होतं. त्या घराला त्या दिवशी बाहेर पडायची सोय नव्हती.

आत्तीनं खिरीचं भांडं खाली ठेवलं. "त्यानं न्हाई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, मीठ वाढू का विचारावं तसा. आप्पांनी मान वर केली. "चंपा, आत जा." "न्हाई जात," ती आप्पांना म्हणाली, आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ताप, भाकरी, धूर, हवालदार, आणि आपण माळ्याकडं बघितलं तेसुद्धा. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. पंगतीत हात तसेच ताटात राहिले. आप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. मला आत्तीची इतकी भीती वाटली आणि इतका अभिमान वाटला की मी खांबाला मिठी मारून उभी राहिले.

मारुती अण्णांनी ताट पुढं सारलं. मग म्हणाले, "ती भाकरी मला मिळाली न्हाई. पन वास आला हुता वर. जैनाचं घर हाय, दिवस बुडलाय, हे मला बी कळत हुतं की. नको गं पेटवू म्हनायला पायजे हुतं. म्हटलं न्हाई. भूक लागलीती." त्यांनी वाकड्या बोटांचा हात पंचाला पुसला. "चल त्याच्या दारात. मी येतो संगं."

"नगं," आत्ती म्हणाली. "माझं मला जाऊ द्या."

ती गल्ली ओलांडून गेली. अंगणातली सगळी माणसं बघत होती. मी तिच्या पदराला धरून मागं, कारण मला कुणी थांबवलं नाही. यल्लाप्पा आत खांबाला टेकून बसला होता. आत्ती उंबऱ्याबाहेरच बसली, जमिनीवर, आणि पुन्हा तेच सगळं सांगायला लागली. त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "हवालदारासंगं मीच नव्हतो व्हय? त्यानं धूर बघितला आनि मला विचारलं. मी म्हटलं, बाळंतीन असंल, पानी तापवत असत्याल. त्यानं ऐकलं न्हाई."

आत्तीनं उंबऱ्यावर हात टेकला. म्हणाली, "मग गावाला का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? अमक्याची पोर दिवस बुडल्यावर परक्या गड्याला जेवू घालत हुती? तुजं लगीन झालं असतं काय?"

"तसं बी झालं न्हाई."

"मला काय ठावं, तू करनारच न्हाईस ते." तो थोडा हसल्यासारखा झाला, पण त्याचा आवाज फाटला होता. "म्हटलं, तुजा बा येऊन सांगंल. चार लोकांत नगं, मला एकट्याला तरी सांगंल. वाट बघितली. तो गेला. मग तुज्या भावाची वाट बघितली. मग सोडली वाट बघायची." त्यानं आतल्या दाराकडं हात केला. "आता माज्यापाशी काय मागू नगंस. मला न्हाई, त्या पोरीला सांग."

शांता दारात उभी होती. तिच्यामागं गंगव्वा, तोंड भिंतीकडं करून. शांतानं रडून डोळे सुजवले होते, पण आवाज कडक. "मी ऐकून काय करू आत्ती? मी तर फितूर न्हवतेच. पाव्हन्यांच्या गावात जाऊन सांगशील?"

"सांगीन," आत्ती म्हणाली.

गावात राहिलेल्या बाईनं नदीपलीकडच्या परक्या घरात जाऊन आपल्याच तोंडानं आपलं नाव खराब करायचं, हे आज कुणाला फार वाटणार नाही. तेव्हा आप्पांनी दोन दिवस अन्न टाकलं. आत्ती तरी गेली. आप्पा बैलगाडी देईनात म्हणून चालत गेली, नावेनं नदी ओलांडली, मी बरोबर. मास्तराच्या घरी त्याची आई चुलीपुढं होती. आत्तीनं सांगितलं. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि त्या गड्याचं नि तुजं काय नव्हतं न्हवं?" आत्तीचे कान लाल झाले. "न्हाई," म्हणाली. "पन तुमाला तसं वाटलं तर वाटू द्या. त्या पोरीच्या घराबद्दल वाटू देऊ नका." मग त्या बाईनं आम्हाला पाणी दिलं आणि आत जाऊन मुलाशी बोलली. आम्ही परत आलो तरी निरोप आला नव्हता. आठवडाभर आत्ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. आमच्या आळीतल्या बायका तिला बघून कुजबुजायच्या, तिनं जाताना पत्करलं होतं तेच नेमकं झालं होतं, आणि ती कुणाकडं बघत नव्हती. मग एका सकाळी यल्लाप्पाच्या दारात तीच बैलगाडी सुटली. लाजणारा मास्तर या वेळी स्वतः आला होता.

हळदीच्या दिवशी यल्लाप्पाचं अंगण भरलं होतं. तेच गाव, त्याच बायका. गिरणीत डबडी सरकवणाऱ्यासुद्धा नटून आल्या होत्या. माफी कुणी मागितली नाही. आमच्या गावात माफी मागत नाहीत, जेवायला येतात. आत्ती मागं, तुळशीपाशी उभी होती. हळद लावायला सवाष्णी बसतात. लग्न न झालेल्या, केसांत पांढरं आलेल्या बाईचं तिथं काही काम नसतं. एक बाई हळदीच्या वाटीकडं हात करणार, तेवढ्यात गंगव्वानं ती वाटी उचलली. बायकांमधून वाट काढत ती तुळशीपाशी आली. इतक्या वर्षांत ती आत्तीशी एक शब्द बोलली नव्हती. आत्ती त्यांच्या उंबऱ्याबाहेर बसली त्या दिवशीसुद्धा नाही.

"आदी तू लाव," ती म्हणाली. "मग ह्या."

एक म्हातारी बाई कुरकुरली. गंगव्वानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ती गप्प झाली. आत्ती शांताच्या पुढं पाटाशी बसली. आमच्याकडं हळद पायापासून वर चढवत नेतात. तिनं दोन्ही हात वाटीत बुडवले आणि शांताच्या पावलांना लावले, बोटांना, घोट्यांना, पुन्हा पावलांना. हात तिथून हलेनात. डोकं इतकं खाली गेलं की मला तिची नुसती पाठ दिसत होती, आणि ती पाठ हलत होती. शेवटी गंगव्वा तिच्याशेजारी खाली बसली, तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "पुरं की गं आता. तोंडाला लाव."